आधी बघून ये, मग लिही

सकाळचे साडेआठ वाजले असतील. अंगणात पुण्याची गाडी येऊन थांबली. रात्रभर प्रवास करून, अणुस्कुरा घाट उतरून, पाचल-ओणीवरून ते कुटुंब आमच्याकडे पोचलं होतं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी. आजींनी मांडीवरची पिशवी खाली ठेवलीच नाही. तिच्यात कोरं लुगडं होतं, ओटीचं सामान होतं आणि गंगेचं पाणी न्यायला तांब्याचे दोन गडू होते. मी चहाचं विचारलं तर म्हणाल्या, "चहा नंतर गं, आधी गंगेवर आंघोळ."

माझ्या पोटात खड्डा पडला. गंगा जाऊन वीस दिवस झाले होते.

राजापूरच्या गंगेबद्दल बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. गावापासून जवळच, उन्हाळे गावच्या टेकडीवर दगडी बांधणीची चौदा कुंडं आहेत. एरवी ती कोरडी असतात. एखाद्या दिवशी अचानक पाणी येतं, कुंडं भरतात आणि राजापुरात बातमी पसरते, "गंगा आली!" मग कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबईहून माणसं स्नानाला लोटतात. साधारण दर तीन वर्षांनी ती येते आणि दोन-तीन महिने राहते, असं जुनी माणसं सांगत. अलीकडे तिच्या येण्याचा आणि राहण्याचा नेम उरलेला नाही. म्हणून इकडे येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, "गंगा आहे का?"

मी त्या मुलाला हळूच विचारलं, "निघण्याआधी फोन का नाही केलात?" त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. आमचीच वेबसाइट होती. वर मोठ्या अक्षरात गंगा प्रकटल्याची बातमी आणि खाली बारीक अक्षरात 'अद्ययावत' म्हणून आदल्या दिवसाची तारीख. मजकूर तीन महिन्यांपूर्वीचा होता, त्यातलं एक अक्षरही कोणी बदललेलं नव्हतं. रोज मध्यरात्री फक्त तारीख बदलायची. ती आपोआप बदलावी म्हणून एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला होता आणि त्याचे पैसे मीच मोजले होते.

आजी तरीही टेकडीवर गेल्या. मी सोबत होते. कोरड्या कुंडाच्या काठावर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खाली बसून त्यांनी ओटी काठावर ठेवली, हात जोडले आणि म्हणाल्या, "माझं नशीब." खाली गरम पाण्याच्या झऱ्यावर त्यांची आंघोळ झाली, गडू मात्र रिकामेच परत गेले. त्यांनी दोष नशिबाला दिला. दोष माझा होता. आमच्यासारखी छोटी वेबसाइट चालवणाऱ्या कुणावर अशी वेळ येऊ नये, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

अर्धं खरं असलेला सल्ला

आमच्या चार खोल्या आहेत, घरचं जेवण आहे, कातळावर हापूसची कलमं आहेत. मालक बाग बघतात. फोन, पाहुणे आणि वेबसाइट माझ्याकडे. सुरुवातीची काही वर्षं मी सुचेल तसं लिहायची. मग शहरातल्या एका माणसाने पॅकेज देऊ केलं. त्याचं म्हणणं असं, "वहिनी, गूगलला ताजा मजकूर लागतो. साइट हलती राहिली तरच तुम्ही वर दिसाल." महिन्याला तीस लेख, रोज तारीख बदलणं आणि आजूबाजूच्या प्रत्येक गावाच्या नावाचं एक पान, असं ते पॅकेज होतं.

ताजेपणाला किंमत असते हे खरं होतं, म्हणून मी फसले. पूर्ण खोटं असतं तर ओळखू आलं असतं.

लेख येऊ लागले. आंब्याचे दहा फायदे, कोकणातली पंधरा ठिकाणं, उन्हाळ्यात काय खावं. मी दोन-तीन वाचले आणि पुढचे वाचायचं सोडून दिलं, ही माझी मोठी चूक. पुढे एकेक उघडून पाहिले तेव्हा एकात राजापूरची गंगा बारमाही वाहते असं लिहिलेलं सापडलं. दुसऱ्यात हापूस ऑक्टोबरमध्ये मिळेल असं वचन दिलेलं होतं. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये मोहराचाही पत्ता नसतो. नाटे, जैतापूर, आडिवरे, पाचल अशी गावोगावची पानं होती, मजकूर सगळीकडे एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं.

पहिले दोन महिने साइटवरच्या भेटी वाढल्या आणि मला वाटलं, पैसे वसूल झाले. मग उतरण सुरू झाली. आंब्याचा हंगाम तोंडावर आला आणि फोन गप्प. ज्या शब्दांवर आम्ही पूर्वी पहिल्या पानावर दिसायचो, त्यांवर आम्ही कुठेच नव्हतो.

गूगलला ताजं म्हणजे काय हवं असतं

मग मी स्वतः वाचायला बसले. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला. उथळ, दुसरीकडून उचललेल्या मजकुराच्या साइट खाली ढकलणं हा त्याचा उद्देश. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ताजेपणाला वजन देणारा बदल आला आणि त्याचा परिणाम सुमारे 35 टक्के शोधांवर होईल असं गूगलने सांगितलं. आमच्या पॅकेजवाल्याने यातला दुसरा अर्धा भाग तेवढा मला सांगितला होता. ऑगस्ट 2022 पासून, माणसाच्या उपयोगाचा मजकूर आणि फक्त क्रमांकासाठी लिहिलेला मजकूर वेगळा काढायची मोहीम सुरू झाली. मार्च 2024 मध्ये गूगलने नियम आणखी स्पष्ट केला: क्रमांक मिळवण्यासाठी ढिगाने तयार केलेला निरुपयोगी मजकूर हा स्पॅमच, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

साइटवाल्यांनी स्वतःला विचारावेत असे प्रश्नही गूगलने देऊन ठेवले आहेत. मजकुरात खरा बदल न करता, पान ताजं वाटावं म्हणून तुम्ही तारीख बदलता का? साइट ताजी दिसावी म्हणून भाराभर नवं घालता किंवा जुनं काढून टाकता का? या दुसऱ्या प्रश्नापुढे तर उत्तरही लिहून ठेवलंय, की त्याने काही फायदा होत नाही. मी ते वाचलं आणि आजींचे रिकामे गडू डोळ्यांसमोर आले.

2011 च्या त्या बदलाच्या वेळी गूगलने ताजेपणाची गरज असलेले शोध तीन प्रकारांत मांडले होते. ते मी राजापुरात बसवून पाहिले आणि सगळं लख्ख झालं.

पहिला प्रकार, नुकतंच काही घडलंय असे विषय. आमच्याकडे गंगा. 'गंगा आली का' असं विचारणाऱ्याला आजचं उत्तर हवं असतं. गेल्या महिन्याचं उत्तर त्याला कोरड्या कुंडापाशी नेऊन सोडतं.

दुसरा प्रकार, ठरावीक काळाने पुन्हा येणाऱ्या गोष्टी. हापूसचा हंगाम, शिमगा, कशेळीच्या कनकादित्याचा रथसप्तमीचा उत्सव. इथे माणसाला यंदाचं हवं असतं.

तिसरा प्रकार, सतत बदलणारी माहिती. आंब्याचे दर, खोल्यांचे दर, गाड्यांच्या वेळा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वर्षानुवर्षं 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं. 2025 मध्ये ते 15 जून ते 20 ऑक्टोबर झालं. ज्याच्या पानावर जुन्याच तारखा राहिल्या, त्याचा पाहुणा राजापूर रोड स्टेशनावर ताटकळणार.

याशिवाय ताजेपणाची गरजच नसलेले असंख्य विषय उरतात. तांदळाच्या घावण्यांची कृती दर आठवड्याला बदलत नाही. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला म्हणून शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापूरच्या वखारीवर चाल केली, हा इतिहास तोच राहणार. असं पान एकदा नीट लिहावं आणि चूक सापडली तरच हात लावावा. त्याची तारीख रोज बदलणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं.

सासूबाईंनी सांगितलेला नियम

आजी परत गेल्या त्या रात्री मी सासूबाईंजवळ रडले. त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. फोन नव्हते तेव्हा गंगेची वार्ता ऐकून मुंबईच्या नातेवाइकांची कार्डं यायची, आम्ही येऊ का म्हणून. सासरे कार्ड वाचलं की आधी उन्हाळ्याला चालत जायचे, कुंडं बघायचे आणि मग उत्तर लिहायचे. उत्तरात पहिलं वाक्य ठरलेलं, अमुक दिवशी सकाळी मी स्वतः पाहिली. कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी कधी कळवलं नाही. "लोक भाडं खर्चून येतात," सासूबाई म्हणाल्या. "आधी बघून ये, मग लिही."

नंतरच्या माझ्या साऱ्या वाचनाचं सार या पाच शब्दांत होतं. दुसऱ्या दिवशी मी तारखेचा तो प्रोग्रॅम काढून टाकायला लावला आणि एक वही घेऊन बसले. साइटवरच्या प्रत्येक पानासमोर तीन प्रश्न लिहिले. हे कोण बघून आलं? कधी? आणि कुणाच्या कामाचं? आलेल्या लेखांपैकी जवळजवळ सगळे पहिल्याच प्रश्नाला अडले. ते मी काढले, खोटे होते म्हणून. गावोगावची पानं एकाच पानात आणली आणि जुने पत्ते त्या पानाकडे वळवून दिले, म्हणजे कुणी जुन्या दुव्यावरून आलं तर भिंतीवर आदळू नये.

गंगेचं पान असं बदललं. पत्ता एकच आणि कायमचा. गंगा दर वेळी आली की नवं पान काढायचं नाही. सर्वांत वर एक ओळ: आज गंगा आहे किंवा नाही, शेवटचं कोणत्या दिवशी पाहिलं आणि घरातल्या कोणी पाहिलं. त्याखाली त्याच दिवशी काढलेला कुंडाचा फोटो. गंगा असेल तेव्हा गर्दी किती, गाडी कुठवर जाते, म्हाताऱ्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतात. नसेल तेव्हा तसं स्पष्ट, आणि उन्हाळे गावचा गरम झरा, धूतपापेश्वराचं मंदिर, असं बाकी काय बघता येईल ते. गंगा असताना मी एक दिवसाआड जाऊन येते. नसताना महिन्यातून एकदा. गेले नाही तर तारीख बदलत नाही.

आंब्याचं पान जानेवारीपासून जागं होतं. मोहर किती, फळ वाटाण्याएवढं झालं की गोटीएवढं, ढगाळ हवेने तुडतुडे वाढले का, हे दर आठवड्याला तीन-चार वाक्यांत लिहिते. पेटी कधी निघेल हे फळ पाहिल्याशिवाय सांगत नाही. पहिल्या तोडणीला झेल्यात उतरलेली फळं, अढीत घातलेली फळं, सगळे फोटो घरचेच. एका वर्षी फळात साका (आतला खराब गर) जास्त निघाला, तेही लिहिलं आणि ज्यांच्या पेटीत निघेल त्यांना बदलून देऊ असं कळवलं. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला. ही माहिती शेकडो साइटवर आहे. आमच्या बागेत यंदा मोहर कधी फुटला ही माहिती जगात एकाच ठिकाणी मिळते, आमच्या पानावर.

कातळशिल्पांचंही तसंच. 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला. त्यात आमच्या तालुक्यातली बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी अशी ठिकाणं आहेत. माझ्या जुन्या पानावर यादीचा उल्लेखसुद्धा नव्हता. तो घातला, पण तेवढ्याने पान ताजं झालं असं मी मानलं नाही. कशेळीला जाऊन आले. तिथला सुमारे 18 मीटर लांबीचा कोरीव हत्ती मी भर दुपारी पाहिला तर कातळ नुसता चकाकत होता, रेषा हरवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात गेले तेव्हा प्रत्येक खाचेला सावली आली आणि हत्तीच्या पोटात कोरलेले मासे, पक्षी, प्राणी एकेक करून दिसू लागले. ते सगळं मी पानावर लिहिलं: सकाळी लवकर जा, चपला बाहेर काढा, पावसाळ्यात गवत आणि शेवाळ असतं. त्या पानावरून आलेले पाहुणे अजून सांगतात, बरं झालं वेळ लिहिलीत.

तुमच्यासाठी काही गोष्टी

लोक काय शब्द टाकून शोधतात ते आधी बघा. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. कोणत्या शब्दांवर आपण दिसलो, किती जणांनी उघडलं, कितव्या क्रमांकावर होतो, हे सगळं तिथे कळतं. मला त्यातून समजलं की निम्मी माणसं 'गंगा' रोमन लिपीत लिहितात, निम्मी देवनागरीत, आणि प्रश्न बोलतात तसाच टाकतात, 'गंगा आली का', 'गंगा किती दिवस राहते'. आमच्या पानाचं शीर्षक तोवर 'एक नैसर्गिक चमत्कार' असं होतं. ते शब्द कुणीच शोधत नव्हतं. पाहुणे फोनवर जे विचारतात ते एका वहीत टिपून ठेवा. पुढच्या मजकुराचे विषय त्या वहीतच सापडतील.

जे पान चांगलं आहे तेच अद्ययावत करा. दर वर्षी 'हापूस 2024', 'हापूस 2025' अशी नवी पानं काढलीत तर जुन्या पानाने मिळवलेली ओळख वाया जाते आणि आपलीच पानं एकमेकांशी भांडतात. एकच पत्ता ठेवा, आतलं यंदाचं करा, काय बदललं ते एका ओळीत सांगा.

तारीख खरी ठेवा, वाचकाला दिसणारी आणि साइटमॅपमधलीही (साइटमॅप म्हणजे गूगलला दाखवायची आपल्या पानांची यादी). साइटमॅपमधली बदलाची तारीख सातत्याने खरी असेल तरच गूगल ती विचारात घेतं. महत्त्वाचा बदल केलात तर सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता घालून पुन्हा तपासणीची विनंती करता येते. गंगा आली की मी ते लगेच करते.

फोटो स्वतःचे घ्या आणि हलके करून टाका. इकडे घाटात नेटवर्क एका काडीवर असतं. जड पान उघडेपर्यंत माणूस दुसरीकडे जातो. गूगलही आता साइट मोबाइलवर जशी दिसते तशीच तपासतं. दुकान किंवा घरगुती मुक्काम असेल तर गूगल नकाशावरची आपली नोंद ताबडतोब आपल्या नावावर करा. वेळा, फोन, सुट्टीचे दिवस तिथे बदलायला पाच मिनिटं लागतात आणि जवळपास शोधणारी बहुतेक माणसं आधी तेच बघतात.

जे सांगणं आपलं काम नाही, ते स्वतः सांगत बसू नका. अर्जुना आणि कोदवली या नद्यांना पूर येऊन राजापूरच्या जवाहर चौकात पाणी शिरतं, अणुस्कुरा घाटात दरड येते, तेव्हा मी अंदाज लिहीत नाही. प्रशासनाच्या सूचनेकडे बोट दाखवते आणि त्या दिवशीच्या पाहुण्यांना स्वतः फोन करते.

आणि कुणाला काम द्यायचंच असेल, तर तीन गोष्टी सांभाळा. साइटचं नाव आणि सगळे पासवर्ड आपल्या नावावर असू द्या. ते परत मिळवायला मला फार त्रास झाला. पहिला क्रमांक हमखास मिळवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा, अशी हमी कुणीही देऊ शकत नाही असं गूगलच सांगतं. आणि आपल्या नावाने जाणारी एकही ओळ न वाचता जाऊ देऊ नका. लिहायला यंत्राची मदत घेतलीत तरी कुंडावर तुम्हालाच जावं लागेल.

धीर धरा. ताजेपण हे क्रमांक ठरवणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक आहे. मी साफसफाई केली त्या महिन्यात काहीच घडलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. आंब्याचा एक हंगाम तसाच गेला. त्यानंतर हळूहळू पानं वर सरकू लागली, आधी गंगेचं, मग कातळशिल्पांचं, शेवटी आंब्याचं. आता पानं पूर्वीच्या मानाने मूठभर आहेत, पण येणारा फोन कामाचा असतो.

मध्यंतरी कोल्हापूरहून एकांचा फोन आला. शनिवारी आईला घेऊन निघणार होते, पान उघडलं तर वरच लिहिलेलं, आज गंगा नाही. "बरं झालं सांगितलंत, म्हातारीची फरपट वाचली," ते म्हणाले. खोली रद्द झाली, पण हापूसच्या दोन पेट्या त्यांनी त्याच फोनवर सांगितल्या. नाही म्हणणारं पान इतकं कामाला येईल हे मला कुठल्या पॅकेजने शिकवलं नव्हतं.

नंतर गंगा पुन्हा आली. सकाळी बातमी कळल्यावर मी आणि सासूबाई टेकडीवर गेलो, पाण्याला हात लावला. तिथूनच पुण्याला फोन केला. आजींना आता प्रवास झेपत नव्हता. म्हणून दोन गडू भरले, तोंडं बांधली आणि पुण्याला निघालेल्या आमच्या भाच्याबरोबर पाठवून दिले. मग घरी येऊन पान उघडलं आणि सासऱ्यांसारखं पहिलं वाक्य लिहिलं: आज सकाळी आम्ही स्वतः पाहिली. त्याखाली तारीख घातली.